आमची वाटचाल : परळमधील दोन खोल्या आणि एक यंत्र

परळमध्ये केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या परिसरात दोन खोल्यांची पॅथॉलॉजी लॅब सुरू केली, तेव्हा जखमेतील पूची तपासणी म्हणजे कल्चर (पूमधील जंतू प्लेटवर वाढवून ओळखणे), एवढेच आमचे काम होते. जंतू वाढायला एक-दोन दिवस आणि त्यांच्यावर कोणते प्रतिजैविक चालते हे कळायला आणखी एक दिवस जात असे. मधुमेही रुग्णाचा पाय चिघळत असताना डॉक्टरांना तोवर अंदाजानेच औषध द्यावे लागे.

2020 मध्ये कोविडच्या चाचण्यांसाठी कर्ज काढून रिअल-टाइम पीसीआर यंत्र घेतले; नमुन्यातील जंतूचा डीएनए अनेक पटींनी वाढवून ते त्याला ओळखते. साथ ओसरल्यावर यंत्र पडून राहिले आणि हप्ते चालू राहिले. जखमांकडे आम्ही वळलो ते, खरे सांगायचे तर, या हप्त्यांपायी. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस, स्यूडोमोनास, क्लेब्सिएला या जंतूंचा डीएनए आणि मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमधील मेकए जनुक काही तासांत ओळखता येऊ लागले.

मग एके दिवशी, पडताळणीसाठी ज्या नळीत नमुन्याऐवजी केवळ शुद्ध पाणी असते, तीही पॉझिटिव्ह आली. नमुन्यातून डीएनए काढण्यासाठीची पिपेट (द्रव मोजून घ्यायचे साधन) रसायने मिसळायलाही वापरली गेली होती आणि तिच्यासोबत डीएनए रसायनांत गेला होता. त्या दिवशीचे सर्व रिपोर्ट रोखून, डॉक्टरांना स्वतः फोन करून, चाचण्या पुन्हा केल्या. स्टोअररूममधील खोकी माळ्यावर चढवून तिथे रसायनांची वेगळी जागा केली; तिचे पिपेट वेगळे, कोट वेगळा, आणि नमुने हाताळलेल्या माणसाला त्या दिवशी तिथे प्रवेश नाही.

दुसरी अडचण लॅबबाहेरची होती. वरवरचा पू पुसून आणलेल्या स्वॅबमध्ये पाच-सहा जंतू सापडत आणि “यातल्या कोणावर औषध देऊ?” असा डॉक्टरांचा रास्त प्रश्न येई. आता परिचारिकांना आम्ही जखम सलाईनने धुऊन, साधारण एक चौरस सेंटिमीटर जागेवर स्वॅब दाबून फिरवायला दाखवतो.

मेलेल्या जंतूंचाही डीएनए यंत्राला दिसतो, आणि मेकए त्वचेवरील एरवी निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकसचेही असू शकते, हे रिपोर्टवर लिहिलेले असते. म्हणून त्याच वेळी घेतलेला दुसरा स्वॅब आजही कल्चरच्या प्लेटवर जातो. औषधाच्या चकतीभोवती जंतू वाढले की नाही, ते तिथेच दिसते.