मागच्या चाकाचा दगड

मी एसटीत कंडक्टर. २०२४ च्या जानेवारीत करूळ घाट कामासाठी बंद झाला आणि तिथली वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांकडे वळली. आमची वैभववाडी-कोल्हापूर फेरी भुईबावड्यातनं यायला लागली. हा घाट अरुंद. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. गगनबावड्याचा पाऊस तर ठाऊकच आहे.

जुलैतली दुपार होती, गाडीत ४० प्रवासी. धुक्यात पुढचा टेम्पो तेवढा दिसत होता, जांभ्या चिऱ्यांनी गच्च भरलेला. ऐन वळणावर तो बंद पडला आणि मागं सरकायला लागला. अण्णांनी ब्रेक दाबला, हॉर्न धरून ठेवला. टेम्पोवाल्यानं डोकं शाबूत ठेवून मागची चाकं डोंगराकडच्या गटारात घातली, म्हणून आमच्या काचेपासून दोन हातांवर तो अडकला.

बाजूनं निघण्यापुरती वाट होती, पण दरीकडनं. रस्त्यावर कड्याचा चिखल वाहून आलेला.

अण्णा आरशात बघत म्हणाले, "मास्तर, माणसं उतरवा. आणि दगड बघा."

४० माणसं म्हणजे दोन-अडीच टन. सगळ्यांना कड्याच्या बाजूनं पुढं चालत धाडलं. पैशाची पिशवी पावसात कुठं ठेवू? शेवटी उतरणाऱ्या एका आजींच्या हातात दिली. त्यांनी काही न विचारता ती पदराखाली घेतली.

टेम्पोतलाच एक चिरा काढून मी मागच्या चाकाला लावला. पत्र्यावर दोन थापा मारल्या. अण्णांनी क्लच सोडला, चाकं चिखलात जागीच फिरली आणि गाडी वीतभर मागं आली. भिजलेल्या चिऱ्याचा लाल चुरा झाला. मी एक थाप मारली, जोरात. गाडी थांबली. मागचं चाक आणि दरीचा कठडा यांत माझ्या अंदाजानं हातभर जागा राहिली होती. माझे पाय लटपटत होते, हे आज सांगायला मला काही वाटत नाही.

मग गटारातला घाटाचा काळा दगड ओढून आणला. दगड बाजूनं सारायचा, बोटं चाकाखाली जाऊ द्यायची नाहीत आणि आपण कधीही चाकामागं उभं राहायचं नाही, हे मला अण्णांनीच शिकवलेलं. टेम्पोवाल्यानं रिकामी पोती आणून चाकांपुढं अंथरली. पुन्हा दोन थापा. या वेळी दगड हलला नाही. टायरनं पोतं धरलं, गाडी कण्हत वर सरकली आणि टेम्पोला घासून जावी तशी पुढं गेली. चढावर अण्णा थांबणार नव्हते, थांबूही नये.

मी मागं राहिलो, दगड उचलायला. चाकाचा दगड रस्त्यात टाकून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. धुक्यात मागनं येणारा मोटरसायकलवाला त्यावरच मरतो. दगड गटारात लोटला, टेम्पोच्या चाकांनाही दोन लावून दिले आणि हॉर्नच्या आवाजाच्या रोखानं चढ चढलो.

सपाटीवर गाडी उभी होती. अण्णा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलेले. आजी मात्र अजून खालीच, दाराशी भिजत.

"आत बसायचं की, आजी."

"तू आल्याबिगर कशी बसू? घे, मोजून घे बाबा."

मी मोजले नाहीत. बेल दोनदा ओढली.