फोटोतल्या दिव्याभोवती उमटणारे आकार

रात्रीच्या फोटोत एखाद्या प्रखर दिव्याभोवती चांदणीसारखे किरण फुटलेले दिसतात, कधी त्या दिव्यापासून बऱ्याच अंतरावर हिरवट-जांभळ्या ठिपक्यांची ओळ उमटते, तर कधी लांबलचक पट्टा चित्र छेदून जातो. या सगळ्यांना सरसकट ‘फ्लेअर’ म्हटले जाते. परंतु त्यांची कारणे वेगवेगळी असून आकार नीट पाहिल्यास प्रकाश नेमका कुठे भरकटला, हे बहुतेक वेळा ओळखता येते.

ठिपक्यांची ओळ ही लेन्समधील काचांची करणी असते. लेप नसलेल्या साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरवतो आणि असा प्रकाश दुसऱ्या एखाद्या पृष्ठभागावरून पुन्हा परावर्तित झाला की तो चित्र टिपणाऱ्या सेन्सरकडे येतो. सुट्या १५ काचांच्या लेन्समध्ये ३० पृष्ठभाग असतात, म्हणजे अशा जोड्या होतात ४३५! त्यांपैकी बहुतेकींचा प्रकाश इतका विखुरतो की तो जाणवतही नाही. जे ठिपके उरतात, ते दिवा आणि चित्राचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर पडतात आणि अनेकदा लेन्समधील पात्यांनी बनलेल्या, प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचाच आकार घेतात. हे परावर्तन कमी करणारा पातळ लेप झाइस या जर्मन लेन्स कंपनीतील स्माकुला यांनी १९३५ मध्ये विकसित केला. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना नाहीशा करतात, हे त्यामागचे तत्त्व मला आजही विलक्षण सुंदर वाटते. मात्र एकेरी लेप एकाच तरंगलांबीला सर्वाधिक परिणामकारक ठरत असल्यामुळे इतर रंग थोडेफार परावर्तित होत राहतात, आणि ठिपके रंगीत दिसण्याचे हे एक मोठे कारण आहे.

चांदणीचा परावर्तनाशी संबंध नाही. ती विवर्तनातून, म्हणजे कडेजवळून जाताना प्रकाश वळून पसरण्यातून, निर्माण होते. अ‍ॅपर्चरच्या पात्याची प्रत्येक सरळ कड स्वतःला काटकोनात, दोन्ही दिशांना प्रकाश पसरवते. पाती ६ असतील तर समोरासमोरच्या कडांचे किरण एकमेकांवर पडून ६ किरण दिसतात. ७ असतील तर मात्र १४.

क्वचित दिव्याभोवती रंगीत ठिपक्यांची चौकोनी जाळीच दिसते. तेव्हा सेन्सरवरील पिक्सेलांच्या नियमित रचनेने प्रकाश ठरावीक दिशांना विखुरून मागे पाठवलेला असतो आणि लेन्सच्या काचांवरून तो परत आलेला असतो. सीसीडी या प्रकारचा सेन्सर असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांतील उभी रेघ तर प्रकाशाने काढलेलीच नसते. सेन्सरमधील विद्युतभार पुढे सरकवला जात असताना त्यात पडलेली ती भर असते.

मोबाइलच्या फोटोतील लांब पट्टा बहुधा बोटाच्या तेलकट ठशामुळे येतो: ठसा ज्या दिशेने पुसला गेला असेल, तिला काटकोनात तो पट्टा पडतो. लेन्स स्वच्छ केली की तो जातो. प्रकाशाचा उगम चौकटीबाहेर असेल, तर हुड (लेन्सपुढे बसवायची कडी) किंवा हाताची सावलीही पुरते. चांदणीवर मात्र या दोन्हींचा काही परिणाम होत नाही. ती नको असल्यास अ‍ॅपर्चर अधिक उघडावे लागते.