तिळ्याचा कोपरा

७ जानेवारी

भुरी आणि तिळ्या घरात येऊन आज चार दिवस झाले. ऑफिसातल्या मैत्रिणीची बदली झाली आणि तिच्या नव्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून सशाची जेमतेम तीन महिन्यांची ही दोन पिल्लं पिंजऱ्यासकट आमच्याकडे आली. पिंजऱ्याचा तळ तारेच्या जाळीचा होता. आईने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "शेळीलासुद्धा कुणी असं तारेवर उभं करत नाही गं." तिचं खरंच आहे. सशाच्या तळव्याला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, नुसते दाट केस असतात. जाळीवर बसून बसून तिथे जखमा होतात. पिंजरा त्याच रात्री गॅलरीत गेला आणि दोघं हॉलमध्ये मोकळे झाले.

तेव्हापासून हॉलभर लेंड्या आहेत. सोफ्याखाली, चपलांच्या रॅकमागे, पडद्याच्या कडेने. एका सशाच्या दिवसाला दोनशे-तीनशे सहज होतात. त्यांचं काही वाटत नाही. कोरड्या असतात, वास नसतो, सुपलीत भरल्या की झालं. शूचं मात्र अवघड आहे. दिवाणावरची गादी दोनदा ओली झाली आणि फरशीवर जिथे वाळते तिथे खडूसारखा पांढरा थर बसतो. सशाचं शरीर खाण्यातलं कॅल्शियम भरपूर शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीवाटे टाकून देतं, तो हा थर. फिनाइलने हलला नाही. पांढरं व्हिनेगर दहा मिनिटं ओतून ठेवलं, मग निघाला.

आज भुरीला गादीवरून उचलताना मी जोरात ओरडले. ती दिवसभर सोफ्याखालून बाहेर आली नाही. मला फार वाईट वाटलं.

१० जानेवारी

आज सुट्टी होती. सकाळपासून जमिनीवर बसून राहिले आणि कोण कुठे जातं ते वहीत मांडलं. तिळ्या दिवसभरात अकरा वेळा शूला बसला, त्यातल्या आठ वेळा एकाच ठिकाणी: देवघराचं स्टँड आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात. प्रत्येक वेळी तेच. आत जायचं, वळायचं, पाठ भिंतीला लावायची, शेपूट उचलायची. भुरीचा असा एक कोपरा दिसला नाही, पण ती त्याच्या मागोमाग तिथे दोनदा जाऊन आली.

म्हणजे याला शिकवायचं असं काही नाहीच, त्याला ते येतं. पाळीव ससे सगळे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशांचे वंशज. ते जमिनीखाली बिळं करून टोळीने राहतात आणि लेंड्या टाकायच्या त्यांच्या ठरलेल्या जागा असतात. ही जमीन आमची, हे त्यातून दुसऱ्या सशांना कळतं. आईला हे पटेना, कारण लहानपणी फलटणकडे ज्वारीच्या रानात तिने पाहिलेले ससे बिळात राहत नव्हते. तेही बरोबर. आपल्या माळावरचा ससा जातीने वेगळा, उघड्यावर गवताच्या आडोशाला एकटा राहणारा. त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडलेली आणि अंगावर केस असलेली. आमच्या तिळ्याची जात जन्मते तेव्हा बिनकेसांची आणि आंधळी. मराठीत दोघांना एकच शब्द आहे म्हणून घोटाळा होतो. (रानातला ससा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो धरून आणून पाळायचा नसतो, हे आमच्या सोसायटीतल्या मुलांना सांगायला हवं.)

प्रश्न उरला देवघराचा. मी आईला विचारायला कचरत होते. रात्री जेवताना तिनेच विषय काढला. "माझे देव स्वयंपाकघराच्या भिंतीवर ने. तिथे पूर्वेचा उजेडही येतो. त्याला कोपरा बदल म्हणून कसं सांगणार?"

१३ जानेवारी

देव काल हलले. कोपऱ्यात प्लॅस्टिकचं घमेलं ठेवलं, तळाला रद्दीच्या पट्ट्या. तिळ्याने ते हुंगलं, हनुवटी घासली आणि घमेल्याच्या मागे जाऊन, भिंतीला टेकून, फरशीवर शू केली. घमेलं गोल! कोपऱ्यात बसवलं तरी मागे त्रिकोणी जागा उरतेच, आणि त्याला हवी तीच नेमकी जागा. बोहारणीकडून घेतलेला जुना चौकोनी टब होता, त्याची एक बाजू सुरीने खाली कापून कडा घासून घेतली. मागच्या दोन बाजू उंचच ठेवल्या, कारण तो शेपूट उचलतो तेव्हा शू चांगली वीतभर उंच जाते.

फरशीवरची शू रद्दीने टिपून तो कागद टबातच ठेवला. इकडेतिकडे पडलेल्या लेंड्याही गोळा करून टबात टाकल्या. त्यांना आपल्याच वासाने जागा ओळखता यायला हवी.

१४ जानेवारी

सशांचं बघणारे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडले. त्यांनी दोघांना उलटं धरून पाहिलं आणि पहिली गोष्ट सांगितली: आजच्या आज वेगळं ठेवा. एक नर, एक मादी, वय तीन-साडेतीन महिने, आणि गर्भ जेमतेम ३१ दिवसांचा. मैत्रिणीला दुकानात दोन्ही माद्या म्हणून सांगितलं होतं. हॉलच्या मधोमध जाळीचं कुंपण घातलं. भुरीला खिडकीकडची बाजू दिली आणि दुसरा टब.

२२ जानेवारी

आजवरची सगळ्यांत उपयोगाची गोष्ट आईने शोधली. मी गवताची टोपली नीटनेटकी भिंतीला टांगली होती, टबापासून हातभर दूर. आई म्हणाली, "शेळ्या दावणीला खातात आणि तिथेच लेंड्या टाकतात. हे का वेगळे असतील?" टोपली उचलून टबाच्या मागच्या कडेला अशी बांधली की टबात बसल्याशिवाय तोंड गवताला पोचू नये. दोन दिवसांत फरक पडला. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्याची रीतच तशी आहे. आता तिळ्या अर्धा अर्धा तास टबात बसून गवत चघळतो, आणि आतल्या लेंड्या वाढतात. बाहेर आज फक्त नऊ.

गवत खर्चिक आहे. टिमोथी नावाचं गवत परदेशातून येतं, त्याचे पैसे झेपत नाहीत. निम्मं ते आणि निम्मी आपली वाळवलेली हरळी असं चाललंय. गोठ्यावरून लसूणघास आणत होतो, पण त्यात कॅल्शियम फार. वाढीच्या वयात ठीक, पुढे बंद करायचा असं डॉक्टर म्हणाले.

३० जानेवारी

कामाच्या ठिकाणावरून सुताराचा भुसा फुकट मिळाला म्हणून आणला. टबात घातल्यावर तासाभरात भुरी शिंकायला लागली. सगळा काढून टाकला. त्याची बारीक धूळ नाकात जाते, त्यात पाइनचं लाकूड असेल तर त्याच्या उग्र वासाची द्रव्यं यकृताला बाधतात, आणि प्लायवूड असेल तर गोंदही आला. मांजराची वाळूही नको. ओली झाली की घट्ट गोळा होणारी ती माती ससा कुरतडून खातो आणि पोटातही तिचा गोळाच होतो. शेवटी साधी रद्दी, वर गवताचा थर. रोज संध्याकाळी बदलायचं. ओलं तसंच राहिलं तर अमोनियाचा वास साठतो, आणि त्यांचं नाक आपल्यापेक्षा जमिनीच्या किती जवळ असतं.

६ फेब्रुवारी

पहाटे आईने घाबरून उठवलं. भुरीच्या बाजूला मऊ, चकचकीत, काळसर, बारीक द्राक्षांच्या घोसासारखं काहीतरी पडलं होतं. "जुलाब लागलेत." जुलाब नव्हते. सशाला दोन प्रकारची विष्ठा होते. हा मऊ घोस तो एरवी थेट गुदापाशी तोंड नेऊन खातो, आपल्याला दिसतही नाही. गवत आतड्याच्या मोठ्या पिशवीत आंबतं आणि त्यातून तयार झालेली बी जीवनसत्त्वं, प्रथिनं अशी दुसऱ्या फेरीत अंगी लागतात. तो घोस खाली पडून राहणं म्हणजे खुराक जास्त झाला, त्याची भूक तिला उरली नाही. पेलेट, म्हणजे विकतचं दाणेदार खाद्य, निम्मे केले.

आई ऐकून बराच वेळ भुरीकडे बघत बसली. "गाय रवंथ करते, ही असं करते," म्हणाली.

१८ फेब्रुवारी

तिळ्याच्या टबात लाल. मी ऑफिसला न जाता रिक्षाने धावत डॉक्टरांकडे गेले, रद्दीचा तो कागद पिशवीत घालून. तपासणीत रक्त नव्हतं. पाल्यातल्या रंगद्रव्यांनी सशाची लघवी पिवळी, नारिंगी, विटकरी, कशीही होते. डोळ्यांनी फरक सांगता येत नाही, म्हणून आलात ते बरंच केलंत, असं ते म्हणाले. परत येताना रिक्षात मला रडू आलं.

९ मार्च

केलेलं सगळं गेल्या पंधरा दिवसांत पुसून गेल्यासारखं वाटतंय. तिळ्या पाच महिन्यांचा झाला. कुंपणाला लागून लेंड्यांची सरळ ओळ टाकतो. पलीकडे भुरीनेही तशीच ओळ टाकली आहे. माझ्या पायांभोवती गोल फिरतो, गुरगुरतो, आणि आज माझ्या साडीवर शूची चिळकांडी उडवली. हा हट्टीपणा नाही, वयात येणं आहे. कितीही शिकवलं तरी अंगातल्या संप्रेरकांपुढे टब टिकत नाही.

ऑपरेशनसाठी घराजवळच्या एका दवाखान्यात चौकशी केली, तर "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा" म्हणाले. मी तिथून निघाले. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं पोट रिकामं ठेवायचं कारणच नसतं. उलट उपाशी ठेवलं तर आतडं थांबतं. लांब पडलं तरी आपले डॉक्टर बरे.

१७ मार्च

तिळ्याचं ऑपरेशन झालं. सकाळी निघेपर्यंत गवत खात होता. संध्याकाळी टबात चढायला नको म्हणून मी टबाची पुढची कड आणखी खाली कापली, तर त्याआधीच तो आत जाऊन बसला होता. संप्रेरकं निवळायला चार ते सहा आठवडे लागतील. भुरीचं पुढच्या महिन्यात करायचं. मादीला तर ते जिवासाठीच करावं लागतं, वय वाढलं की गर्भाशयाचा कर्करोग फार जणींना होतो.

११ एप्रिल

चिळकांड्या बंद झाल्या. त्याच्या बाजूला आज टबाबाहेर एकही लेंडी नाही. आईने टबातल्या लेंड्या गॅलरीतल्या मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला घातल्या. गाईच्या शेणासारखं कुजवत ठेवावं लागत नाही, तशाच चालतात. तुळशीला मात्र तिने घातल्या नाहीत.

२६ एप्रिल, रात्र

पारा चाळिसावर. दुपारी दोघांसाठी बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या पंच्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. संध्याकाळी साडेसहाला रद्दी बदलायला बसले. तिळ्याचा टब भरलेला. भुरीचा टब सकाळी लावला होता तसाच. कागद कोरडा. दोन लेंड्या, त्याही मिरीएवढ्या आणि केसाच्या धाग्याने एकमेकींना जोडलेल्या. तिचे केस गळतायत, ती अंग चाटते, ते पोटात जातात, त्यात हा उकाडा. कोथिंबीर पुढे केली, तर तिने तोंड फिरवलं.

जानेवारीसारख्या हॉलभर लेंड्या असत्या तर हे मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं नसतं. सशाचं आतडं थांबलं की वेळ तासांत मोजायचा असतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढून कुठे अडलेलं नाही ना ते बघितलं, कातडीखाली सलाइन दिलं, वेदनेचं आणि आतडं हलवायचं औषध दिलं. घरी दर दोन-तीन तासांनी गवताच्या पुडीची पेज सिरिंजने भरवायची.

रात्रीचा एक वाजलाय. मी भरवते, आई धरते. भुरी दात करकरा वाजवते, म्हणजे दुखतंय. कुंपणापलीकडे तिळ्या जाळीला लागून आडवा पडला आहे, तासाभरापासून तसाच.

२७ एप्रिल

पहाटे पाच वाजता भुरी आपणहून उठली, टबात गेली, पाठ भिंतीला लावून बसली आणि काहीच न होता बाहेर आली. सात वाजता पुन्हा. ऑफिसला कळवलं, येत नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी आईने हाक मारली. ती टबाशेजारी जमिनीवर बसली होती, चष्मा लावून. "चार आहेत," म्हणाली. बारीक, वाकड्यातिकड्या. मी कागद बदलायला हात घातला, तर तिने माझा हात धरला. "राहू दे आत."

दुपारी एक: अकरा. हरळीची एक काडी खाल्ली.

संध्याकाळी सहा: चौतीस, शेवटच्या काही वाटाण्याएवढ्या.