जात : देशी

घोडबंदर रोडवर माझा जनावरांचा दवाखाना आहे. जानेवारीतल्या एका संध्याकाळी गर्दीच्या वेळी विशीतला एक मुलगा बुटांचा खोका घेऊन आला. "मॅडम, शेरूला लस द्यायचीय." रजिस्टरमध्ये लिहिलं : जात देशी, वय महिना-सव्वा महिना.

पिल्लू टेबलावर ठेवलं आणि माझा हात थांबला. काजळी फासल्यासारखी तपकिरी लोकर, छातीवर दुधी पांढरा ठिपका. कुत्र्याचं पिल्लू हात चाटतं नाहीतर केकाटतं. हे टेबलाला चपटं चिकटून गप्प पडून राहिलं. आमच्या खाडीच्या खारफुटीत कोल्हे आहेत, म्हणून आधी पंजे उलटून पाहिले. कोल्ह्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागून जुळलेल्या असतात. याच्या सुट्या होत्या. कोल्हा नाही, कुत्रंही नाही. हे लांडग्याचं पिल्लू होतं.

"कुठून आणलंस?"

बारामतीकडच्या गावाहून. माळावर जेसीबी लागला, बीळ उघडं पडलं. आजोबा मेंढरं राखतात. ते म्हणाले होते, तिथंच ठेव, आई नेईल. पण रात्री थंडी फार, या मुलाला राहवलं नाही. आज तिसरा दिवस.

पहिलं काम म्हणजे बाहेरची सगळी कुत्री दूर नेली. डिस्टेंपर, पार्व्हो हे कुत्र्यांचे जीवघेणे आजार आमच्याकडूनच लांडग्यांत जातात. मग त्याला खरं सांगितलं. लांडगा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं हीसुद्धा शिकारच. शिक्षा 3 ते 7 वर्षं. असा प्राणी हाती आला तर 48 तासांत कळवावं लागतं, आणि ते तास उलटले होते. पोरगा पांढराफटक पडला. "मी तर वाचवलं ना, मॅडम?" त्याच्यावर रागवायला मला जमलं नाही.

राग आला तो त्या माळाचा हिशेब आठवून. देशात लांडगे 3,000 च्या आसपास, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. अमेरिकेत यलोस्टोनमध्ये 1995 साली कॅनडातून लांडगे आणून सोडले ते टिकले, कारण कायद्यासोबत त्यांना जागाही होती. आपला लांडगा अभयारण्यात कमी, गायरानात आणि माळावर जास्त. सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबा. पिल्लू उचलणारा सापडतो. माळ सपाट होतो तेव्हा दाद मागायला कुणी नसतं.

1926 या वन हेल्पलाइनवर फोन केला. वनखात्याची माणसं येईपर्यंत पिल्लू माझ्या जुन्या शालीत होतं. लस टोचली नाही, नाव घेऊन हाक मारली नाही, मुलालाही मारू दिली नाही. माणसाची सवय लागली की परतीची वाट बंद होते. पंचनाम्यावर त्यानं सही केली, हात थरथरत होता. तपासण्या करून आईपाशी सोडायचा प्रयत्न करू, असं वनपाल म्हणाले. त्यांना बिळाची नेमकी जागा हवी होती, म्हणून त्यानं आजोबांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"वढ्याच्या अंगाला, बाभळीखाली," म्हातारा म्हणाला. मग जरा थांबून, "त्याची आई अजून येतीया रं सांजच्याला. उकरून बघती, नि जाती."

वनपालांनी गाडीची किल्ली उचलली.