तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा जड क्लच ठेवलाय कशाला?

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस चालवून उतरलेला माणूस आवाजाबद्दल, पिकअपबद्दल नंतर बोलतो. आधी डावा गुडघा चोळत विचारतो, ‘क्लच एवढा जड ठेवलाय कशाला? हलका करून का नाही घेत?’ मेव्हण्यानं विचारलं, खालच्या मजल्यावरच्या काकांनी गाडी जरा मागेपुढे करून देताना विचारलं, ऑफिसातल्या पोरांनी तर ‘दादा, जिमचे पैसे वाचत असतील’ असंही ऐकवलं. पार्किंगमध्ये उभ्याउभ्या जेवढं सांगता येतं तेवढं प्रत्येकाला सांगून झालं. ते कुणालाच पटत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे, गाडीत बिघाड आहे असं धरून चालू नका. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेली ही गाडी 2004 ची. 1.8 लिटर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो. मूळची ताकद 150 अश्वशक्ती, टॉर्क (म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर) 210 न्यूटन मीटर. रीमॅप केल्यावर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून घेतल्यावर, टॉर्क 280 च्या पुढे गेला आणि मूळच्या क्लचनं हात टेकले. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळायचा, वेग जागच्या जागी, आणि मागाहून जळक्या लायनिंगचा, म्हणजे क्लच प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा, तो वास. ज्यांनी हे अनुभवलंय ते मला जड क्लचबद्दल कधीच विचारत नाहीत, हे लक्षात घ्या.

क्लच किती टॉर्क पेलणार हे चार गोष्टींवर ठरतं: प्लेट किती जोरानं दाबली जाते, लायनिंग किती घट्ट पकडतं, प्लेटचा व्यास केवढा आणि घासणारे पृष्ठभाग किती. माझ्या फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच ज्या इंजिनच्या जड चकतीला चिकटतो तिच्यावर, 228 मिलिमीटरचा क्लच बसतो, म्हणजे व्यासाचा विषय संपला. लायनिंग बदलून सिरॅमिक टाकता येतं, पण ते पकडतं तेव्हा एकदम पकडतं. सिग्नलला हाफ क्लच नावाचा प्रकारच उरत नाही, गाडी बेडकासारखी उड्या मारते. राहिला दाब. म्हणून कडक डायफ्रॅमची (ताटलीसारख्या स्प्रिंगची) प्रेशर प्लेट बाहेरून मागवली, सोबत एकसंध, म्हणजे सिंगल मास, फ्लायव्हील घातलं. आता प्लेटला दाबून धरणारी जी स्प्रिंग, तीच तुम्हाला पायानं वाकवायची असते. जेवढी पकड जास्त तेवढा पायाला जोर जास्त. यात मेकॅनिकचा आळस नाही की माझा कंजूषपणा नाही.

‘मग हायड्रॉलिकमध्ये काही तरी कर ना.’ हेही ऐकलंय. पेडलकडून तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर लहान बोअरचा बसवला की पेडल हलकं होतं, खरं आहे. पण पेडल तेवढंच खाली गेलं तरी तेल कमी सरकतं, गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा दांडा कमी बाहेर येतो, क्लच पुरता सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअरबॉक्स किंचाळतो. दुसरा सल्ला पेडलवरची मदतीची स्प्रिंग काढून टाकण्याचा. तीही मी काढून पाहिली. कुठे पकडतो ते पायाला नीट कळायला लागतं, पण तळाशी पेडल आणखी जड. स्प्रिंग परत लावली.

इथपर्यंतचं मी आजही कुणासमोरही ठामपणे सांगेन. यापुढचं सांगताना जरा अडखळायला होतं.

लॉंग वीकएंडच्या आदल्या रात्री आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. बायकोचं माहेर. मुलगी मागे झोपलेली. शिरवळपर्यंत ठीक होतं, आणि खंबाटकीचा चढ लागला तोच सगळं थांबलं. वर कुठे तरी ट्रेलर बंद पडलेला. पुण्याकडून जाताना ज्यांना हा घाट माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको: तेव्हा परतीला बोगदा होता, जाताना मात्र चढून जावंच लागायचं. दोन गाड्यांएवढं पुढे सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. 2004 च्या गाडीत हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारी सोय, वगैरे काही नाही. डावीकडे ऊस टाकून परतणारा रिकामा ट्रॅक्टर, उजवीकडे बस, मागे सिमेंटचा ट्रक.

अर्ध्या तासात पाय भरून आला. मग मांडी थरथरायला लागली. मी बोललो नाही. न्यूट्रलला टाकून हँडब्रेक ओढत होतो, पण प्रत्येक वेळी पुन्हा तळापर्यंत दाबायचंच होतं. एका वळणावर पोटरीत असा गोळा आला की तोंडातून आवाज निघाला. बायको म्हणाली, ‘उतर, मी घेते.’ मी म्हणालो, ‘तुला झेपणार नाही.’ ती म्हणाली, ‘तुला तरी कुठे झेपतंय?’

ती आमची दुसरी गाडी रोज चालवते, माझ्यापेक्षा शांतपणे चालवते. उंची पाच फूट एक इंच. सीट पार पुढे घेतली, मुलीच्या डोक्याखालची उशी काढून पाठीशी लावली, तरी पेडल तळाला नेताना तिला दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून स्वतःला पुढे ओढावं लागत होतं. मी शेजारी बसून पोटरी दाबत होतो आणि सूचना देत होतो. हँडब्रेक आधी. आता रेस दे. आता हळू सोड. त्या सूचनांचा तिला काडीचा उपयोग नव्हता, कारण प्रश्न कौशल्याचा नव्हताच. हळू सोडायला आधी पूर्ण दाबून धरता यायला हवं ना.

चौथ्यापाचव्या वेळी तिचा पाय सटकला. पेडल फाटकन वर आलं, गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली. हँडब्रेक तोवर सोडलेला. गाडी मागे सुटली. फूटभर, दीड फूट असेल. मागून ट्रकचा हॉर्न, माझा हात हँडब्रेकवर, मुलगी जागी होऊन रडायला लागलेली. आरशात बघितलं तर ट्रकचा बंपर एवढा जवळ की त्यावरचं रंगवलेलं लिंबू-मिरची दिसत होतं.

आणि ट्रकच्या केबिनमधून एक पोरगा टुणकन खाली उतरला. क्लीनर. हातात दोन मुठींएवढा दगड. आमच्या मागच्या चाकाला दगड लावला, खिडकीशी आला आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, ‘ताई, निवांत सोडा. दगड हाय.’

माथ्यापर्यंत तो पोरगा आमच्यासोबत चालला. गाडी सरकली की दगड उचलायचा, थांबली की चाकाखाली सारायचा. बायकोनं मग हँडब्रेकचा नादच सोडला. थांबली की न्यूट्रल, दोन्ही पाय सैल, पुढे चांगलं अंतर पडेपर्यंत हलायचंच नाही. मागचे हॉर्न वाजवायचे. वाजवू दे. मला हे जमलं नसतं. मी दर फुटाला क्लच दाबत बसलो होतो, कारण पुढच्या गाडीला चिकटून राहायची सवय. वर पोचल्यावर तिनं माहेरी न्यायला घेतलेला बाकरवडीचा मोठा पुडा त्या पोराच्या हातात दिला. तो नको नको म्हणत होता.

सुरूर फाट्याला चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, ‘तुझी हौस आहे, तुला लखलाभ. पण उद्या रात्री दोन वाजता तुझ्या छातीत दुखायला लागलं आणि दारात हीच गाडी असली, तर मी तुला दवाखान्यात कशी नेऊ?’

यावर मी काय केलं असेल? मी तिला डायफ्रॅम स्प्रिंग समजावून सांगितली. वर जे चार मुद्दे लिहिलेत ना, तेच, चहाच्या टपरीवर, रात्री. ती ऐकत होती. मी बरोबर बोलत होतो, हे माझं म्हणणं आजही आहे. फक्त तिनं जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं.

कोल्हापूरहून आल्यावर आमचा बाथरूममधला डिजिटल वजनकाटा खाली आणला, पेडल आणि काटा यांच्यामध्ये लाकडी ठोकळा धरला, पायानं दाबलं आणि मुलीला आकडा वाचायला बसवलं. दुसऱ्या गाडीचं पेडल नऊ किलोच्या आसपास. या गाडीचं बावीसच्या वर. प्लेट विकणाऱ्यानं ‘मूळच्या दीडपट’ म्हणून सांगितलेलं. दीडपटीनं बावीस होत नाही, हे मुलीलासुद्धा कळलं.

मग गिअरबॉक्स उतरवला, वेगळ्या गॅरेजमध्ये. पेडल दाबलं की डायफ्रॅमला रेटणारं रिलीज बेअरिंग ज्या नळीवर पुढेमागे सरकतं ती नळी कोरडी ठणठणीत, तिच्यावर ओरखड्यांच्या रेघा. आणि बेअरिंगला ढकलणारा फोर्क! तो पत्रा दाबून केलेला असतो, मूळच्या प्लेटच्या जोराच्या हिशेबानं. ज्या गोळीवर तो तरफेसारखा हलतो तिथली वाटी झिजून इतकी पातळ झाली होती की मेकॅनिकनं ती दिव्यासमोर धरली तर मधोमध उजेडाचा ठिपका दिसला. आणखी काही दिवसांत गोळी आरपार जाऊन फोर्क तुटला असता, आणि तो घाटातच तुटला असता अशी माझी खात्री आहे. नवी कडक प्लेट बसवणाऱ्या पहिल्या गॅरेजनं जुनाच फोर्क, जुनीच नळी, ग्रीसचं बोट न लावता परत घातली होती. बिलावर ‘क्लच कम्प्लीट’ लिहिलंय. नाव सांगत नाही, विचारू नका.

नवा फोर्क घेतला, वाटीच्या मागून जाड पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घेतला, नवी गोळी, नवी नळी, बेअरिंग, उष्णतेला टिकणारं ग्रीस. पुन्हा काटा लावला. सतरा.

म्हणजे पाच किलो हे आजारपण होतं आणि मी ते गाडीचा स्वभाव म्हणून मिरवत होतो. पायाला हे कळत नाही, हीच यातली गोम. वजन रोज थोडं थोडं वाढत जातं आणि पाय रोज थोडा थोडा सरावतो. तुमचा क्लच जड असेल तर जडपणाबद्दल मला विचारू नका. तो पहिल्या दिवशी किती जड होता आणि आज किती आहे, ते मोजा. बदललाच नसेल तर ती प्लेटची किंमत आहे. वाढत गेला असेल तर फोर्क, नळी, बेअरिंग, झिजलेली प्लेट यांपैकी कुणी तरी बोलतंय. लायनिंग झिजलं की डायफ्रॅमची बोटं जागा सोडतात आणि मूळचा साधा क्लचही जड होतो, हे पुष्कळ मेकॅनिकही गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

आता प्लेट नवीन होती तेव्हाच्या माझ्याशी थोडं भांडण. तो म्हणायचा, ज्याला झेपत नाही त्यानं ऑटोमॅटिक घ्यावी. क्लच जड आहे म्हणजे गाडी खरी आहे. बाबा रे, पाय जड वाटणं आणि ताकद असणं यांचा संबंध तेवढाच, जेवढा कडू असणं आणि औषध असणं यांचा. आणि तुझ्या त्या प्लेटचा जोर फक्त तुझ्या गुडघ्यावर नाही येत. तू पेडल दाबतोस तेव्हा तोच जोर क्रँकशाफ्टला एका बाजूला ढकलतो, आणि तो थ्रस्ट वॉशरनं, म्हणजे क्रँकशाफ्टला जागेवर धरणाऱ्या पातळ चकतीनं, सोसायचा असतो. सकाळी ऑइल वर चढायच्या आधी, पेडल तळाशी दाबून स्टार्टर मारलास तर कोरड्या वॉशरवर. मी हल्ली न्यूट्रलला टाकून, पेडलवरचा पाय काढून गाडी चालू करतो. सिग्नलला तसंच.

तो त्यावर म्हणतो, ‘मग प्लेट काढून टाक.’ इथे मी गप्प होतो, कारण एक्स्प्रेसवेवर तिसऱ्या गिअरला जे होतं ते मलाही सोडवत नाही. ही प्लेट घातल्यापासून क्लच एकदाही घसरलेला नाही, हे विसरू नका.

दोन रस्ते समोर आहेत. एक, ट्विन डिस्क. दोन प्लेटा म्हणजे दोनऐवजी चार पृष्ठभाग, तेवढाच टॉर्क साधारण निम्म्या दाबात धरता येतो, पेडल जवळजवळ कंपनीचं वाटतं. पण किंमत ऐकून मी फोन ठेवला, आणि क्लच दाबला की आतल्या प्लेटा खडखडतात, तोही आवाज आलाच. दुसरा, मॅप बदलून खालच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आवरायचा, टॉर्क 240 च्या आसपास ठेवायचा आणि बरीच मऊ प्लेट घालायची. ट्यूनर म्हणतो वरच्या आरपीएमला फरक फारसा जाणवणार नाही. ट्यूनर लोक हे नेहमीच म्हणतात.

मुलीला पुढेमागे लायसन्स मिळेल आणि तिला याच गाडीवर शिकायचंय. मी म्हणतो सतरा किलो चालवण्याजोगे आहेत. लोक जुन्या जीपा याहून जड क्लचनं आयुष्यभर चालवत आले. खरं म्हणजे सतरा किलो बायकोला झेपतात का, एवढंच बघायला हवं, आणि ती त्या रात्रीनंतर त्या सीटवर बसलेली नाही. मीही अजून तिला बस म्हटलेलं नाही. गेल्या रविवारी मेव्हणा गाडी फिरवून आला आणि म्हणाला, ‘जरा हलका वाटतोय का रे?’ मी हो म्हणालो. बायको गॅलरीत उभी होती, तिनं ऐकलं असावं.