मावशीच्या साड्या, फोटोतला पत्ता आणि मी घातलेला घोळ

रविवारी सकाळी तर्री पोह्याची प्लेट हातात आली नाही की मावशीचा फोन. "अरे, पुण्याची एक बाई विचारून राहिली, तुम्ही त्रिमूर्तीनगरला राहता का म्हणून. मी तर काहीच सांगितलं नव्हतं तिला." मी म्हटलं, बोलता बोलता निघालं असेल तुझ्या तोंडून. तर म्हणे, "गल्ली कायले सांगू मी? मंदिराच्या मागची गल्ली ना, असं म्हटलं तिनं." पोहे तसेच राहिले माझे.

तर गोष्ट अशी की मावशी घरून साड्या विकते. विदर्भातली आपली करवतकाठी, टसरची, काठाला करवतीसारखे बारीक दात असलेली. दुकान वगैरे काही नाही, हॉलमध्ये दोरीवर साडी टाकायची, खिडकीच्या उजेडात फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा. आता व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो फोटो दाबून बारीक करतो आणि नेमके काठाचे दातच पुसट होतात. गिऱ्हाईक विचारते काठ ओरिजिनल आहे का छापील. म्हणून कोणीतरी तिला शिकवलं की "डॉक्युमेंट" करून पाठव, पूर्ण क्वालिटी जाते. जाते, खरं आहे. पण फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप त्यातलं लोकेशन उडवून देतो आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाइल आहे तशी जाते, लोकेशनसकट. त्या पुण्याच्या बाईंनी आयफोनवर फोटो उघडला, बोट वर सरकवलं आणि खाली नकाशा आला, बस. त्यांचं माहेर नागपूरचं, गल्ली ओळखीची निघाली, म्हणून प्रेमाने विचारलं बिचारीने. दोन साड्या पण घेतल्या. पण मावशी दुपारभर घरी एकटी असते, आणि असे फोटो तिने किती जणांना पाठवले असतील याचा हिशोब तिच्याकडे पण नाही.

हे जे फोटोला चिठ्ठीसारखं चिकटून जातं त्याला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या कॅमेरा कंपन्यांसाठी १९९५ साली हे ठरवलं गेलं, हेतू चांगलाच होता, फोटो कधी काढला, शटर किती, ॲपर्चर किती हे फोटोसोबतच राहावं. मग फोनमध्ये जीपीएस आलं आणि त्याच चिठ्ठीत पत्ता पण जाऊन बसला. मावशीच्या एका फोटोची चिठ्ठी मी उघडून पाहिली तर फोनचं मॉडेल, तारीख, सेकंदापर्यंत वेळ, आणि २१ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व, पुढे मिनिटं, पुढे सेकंद, सेकंदाच्या पुढे अजून दोन आकडे. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर. म्हणजे दोन आकडे अजून पुढे गेलं की कागदावर फूटभराचा हिशोब झाला. फोनचं जीपीएस स्वतःच काही मीटर इकडे तिकडे चुकतं म्हणा, पण घर शोधायला तेवढं भरपूर. २०१२ मध्ये तो अँटिव्हायरसवाला जॉन मॅकॅफी पोलिसांपासून लपत फिरत होता आणि एका मासिकाने त्याच्यासोबत काढलेला फोटो साइटवर टाकला, त्यातच लोकेशन होतं, ग्वाटेमालातला ठिकाणा जगाला कळला. तो कॉम्प्युटर सिक्युरिटीवर मोठा झालेला माणूस. आमच्या मावशीचं काय घेऊन बसलात.

मी लॅपटॉप घेऊन त्याच दिवशी गेलो. मेचं ऊन, कूलर चालू, मावशीने आधी पन्हं दिलं आणि मग फर्मान काढलं की पत्ता गेला पाहिजे पण फोटोची क्वालिटी एक कण कमी झाली तर बघ. तिने स्वतः आधी एक उपाय करून पाहिला होता, स्क्रीनशॉट. पत्ता जातो त्याने, खरंच जातो. पण तिच्या आयफोन १२चा फोटो असतो ४०३२ बाय ३०२४, म्हणजे जवळपास १ कोटी २२ लाख पिक्सेल, आणि स्क्रीन आहे १,१७० पिक्सेल रुंद. उभा फोटो स्क्रीनवर मावतो १,१७० बाय १,५६० मध्ये. म्हणजे १८ लाख. पत्त्यासोबत फोटोचे सातातले सहा भाग पण गेले की.

दुसरा उपाय लोक करतात तो म्हणजे पेंटमध्ये उघडायचं आणि परत सेव्ह करायचं. यात पिक्सेल तेवढेच राहतात म्हणून वाटतं काही बिघडलं नाही. पण जेपेग, म्हणजे फोटो साठवायची नेहमीची पद्धत, फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून, त्यातला बारीकसारीक तपशील टाकून फाइल लहान करतं, आणि परत सेव्ह केलं की परत तेच. आभाळाच्या फोटोत कोणाला कळत नाही. करवतकाठीत कळतं. मी दोन्ही फोटो झूम करून बाजूबाजूला लावले तर मूळ फोटोत काठाचा लाल दात कसा टोकदार, कापल्यासारखा, आणि सेव्ह केलेल्यात दाताच्या टोकाभोवती मळकट ठिपके, जसं काही धुताना रंग सुटला. मावशीने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "हा छापील वाटते." विषय संपला.

तिसरा उपाय, इंटरनेटवरच्या फुकट साइट. फोटोतला पत्ता कोणाला कळू नये म्हणून पत्त्यासकट फोटो अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर चढवायचा. यावर मी काही बोलत नाही.

खरं तर गोष्ट सोपी आहे आणि मावशीला मी तिच्याच भाषेत समजावली. गांधीबागेतून साडी आणतो तेव्हा तिला चिठ्ठी टाचलेली असते ना, भाव लिहिलेली. ती चिठ्ठी काढायला साडी धुवावी लागते का? नुसती टाचणी काढायची. जेपेग फाइलमध्ये चित्र वेगळ्या कप्प्यात असतं आणि ही चिठ्ठी सुरुवातीच्या वेगळ्या कप्प्यात, एपीपी१ म्हणतात त्याला, आणि तो कप्पा ६४ केबीच्या वर जाऊच शकत नाही. तेवढा कप्पा कापून फेकायचा, चित्राला हात लावायचा नाही. स्क्रीनशॉट किंवा परत सेव्ह करणं म्हणजे चिठ्ठी नको म्हणून साडीची झेरॉक्स काढणं.

हे काम करणारं फुकट सॉफ्टवेअर म्हणजे एक्झिफटूल, फिल हार्वे नावाच्या माणसाने लिहिलेलं, २००३ पासून चालू आहे. दिसायला काहीच नाही, काळ्या खिडकीत टाइप करायचं. एक्झिफटूल, मग डॅश ऑल, मग बरोबरचं चिन्ह आणि त्याच्या पुढे काहीच लिहायचं नाही, जागा सोडून फाइलचं नाव. बरोबरच्या पुढे काही नाही म्हणजे सगळ्या खान्यांत काही नाही. मला हे फार आवडतं, का कोण जाणे. एंटर मारलं, एका सेकंदात झालं. फाइल ३ एमबीची होती ती जेमतेम काही केबीने कमी झाली, आणि खात्रीसाठी मी इमेजमॅजिक नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने आधीचा आणि नंतरचा फोटो पिक्सेलला पिक्सेल लावून पाहिला, फरक किती तर ०. मी खुश. मावशीकडे लॅपटॉप वळवला.

"साडी आडवी का झोपली रे?"

झालं असं की फोन उभा धरून फोटो काढला तरी सेन्सर आडवाच असतो, फोन फोटो आडवाच साठवतो आणि चिठ्ठीत लिहितो की दाखवताना ९० अंश फिरव. ओरिएंटेशन म्हणतात, १ ते ८ मधला एक आकडा, मावशीच्या फोटोत ६ होता. मी सगळी चिठ्ठीच फाडली तर फिरवायचं कोण सांगणार. आणि दुसरं मावशीने पकडलं, मला तर दिसलं पण नव्हतं, नारंगी साडी विटकी दिसत होती. आता नागपूरच्या माणसाला नारंगी शिकवायची नाही. आयफोन रंग जास्त मोठ्या पट्ट्यात साठवतो, डिस्प्ले पी३, आणि ते वाचायचं कसं हे सांगणारं कलर प्रोफाइल पण फाइलच्या अशाच एका कप्प्यात असतं. ते पण मी उडवलं होतं. प्रोफाइल नसलं की समोरचं ॲप साधा पट्टा समजून रंग लावतं आणि भडक नारंगी एकदम सरकारी होऊन जाते. म्हणजे पिक्सेल सगळे जागेवर, फरक ०, आणि तरी साडी आडवी आणि फिकी. इथे माझी थोडी जिरली.

मग त्याच ओळीत दोन गोष्टी वाढवल्या. बरोबरच्या पुढे दोन डॅश, आयसीसी अंडरस्कोर प्रोफाइल, कोलन, ऑल, म्हणजे हे सोडून सगळं काढ. आणि त्यानंतर डॅश टॅग्जफ्रॉमफाइल, ॲटचं चिन्ह, डॅश ओरिएंटेशन, म्हणजे त्याच फाइलमधून फिरवायचा आकडा तेवढा परत आणून ठेव. साडी उभी राहिली, नारंगी नारंगी झाली. फक्त पत्ताच काढायचा असेल तर डॅश जीपीएस कोलन ऑल बरोबर एवढ्यावर पण भागतं, बाकी सगळं जिथल्या तिथे.

मधे एक प्रिंटिंगवाला पण येऊन गेला, म्हणजे त्याचा फोन. मावशीला दिवाळीसाठी छोटा कॅटलॉग छापायचा आहे, तर तो म्हणे हे साफ केलेले फोटो चालणार नाहीत, ९६ डीपीआय दाखवून राहिले, मला ३०० पाहिजे, तुमच्या भाच्याने रिझोल्यूशन खाल्लं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं. तर बाप्पा, डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके, हा पण चिठ्ठीतलाच एक आकडा आहे, चित्राचा नाही. तो पुसला की विंडोज आपल्या मनाने ९६ दाखवतो. पुसायच्या आधी तिथे ७२ होतं, तेव्हा चालत होतं का? ४०३२ ला ३०० ने भागा, १३.४४ इंच. ३०२४ ला भागा, १०.०८ इंच. ए४ पान यात आरामात बसतं. त्याला हे फोनवर तीनदा सांगितलं, पटलं नाही, शेवटी तिथे ३०० लिहून पाठवलं. लगेच म्हणाला, हां आता बरोबर आली क्वालिटी.

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांच्यासाठी, आयफोनवर फोटो शेअर करताना वर बारीक अक्षरात ऑप्शन्स असतं, त्यात लोकेशन बंद करा. आणि पुढच्या फोटोत पत्ता यायलाच नको असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा, नेव्हर. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लोकेशन टॅगचं बटण असतं. मावशीचं मी हे पहिल्याच दिवशी करून टाकलं. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे खाली माहिती काढायची लिंक आहे. आणि ते मोशन फोटो म्हणतात ना, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये असतं, त्यात फोटोच्या फाइलच्या शेवटी छोटा व्हिडिओ आवाजासकट जोडलेला असतो, ते बंदच ठेवा. साडीच्या फोटोमागे घरातलं भांडण जायचं.

आता माझा घोळ.

एक्झिफटूल सरळ माणूस आहे, बदल करायच्या आधी मूळ फाइल नावापुढे ओरिजिनल लावून बाजूला ठेवतो. पण शेकडो फोटोंचा फोल्डर दुप्पट होऊन राहिला, लॅपटॉपवर जागा नाही, म्हणून मी ओव्हरराइट ओरिजिनल लावलं, म्हणजे मूळ फाइल ठेवूच नको, आणि अख्ख्या फोल्डरवर चालवलं. एकेक फोल्डरच्या आत जा असं पण सांगितलं. त्या आत एक फोल्डर "घरचे" होता. साड्यांचा नाही, घरचे फोटो. आजीचं सहस्रचंद्रदर्शन, मावसभावाचं लग्न, रामटेकची ट्रिप. सगळ्यांचा पत्ता गेला आणि पत्त्यासोबत तारखा पण गेल्या. फोनमध्ये मूळ फोटो? स्टोरेज फुल झालं म्हणून लॅपटॉपवर टाकून डिलीट केले होते, मीच सांगितलं होतं तसं. लॅपटॉपवर लग्न, बारसं, दहावं सगळं आता मेमधल्या एका रविवारी दुपारी झालेलं दिसतं.

मावशीला सांगायला मी चार दिवस घेतले. ओरडली नाही. लॅपटॉप ओढला, चष्मा लावला आणि पहिला फोटो पाहून म्हणाली, "ही हिरवी मी आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला पहिल्यांदा नेसली, म्हणजे २०२२चा फेब्रुवारी. घडी मोडली नव्हती तिची, बघ, निरीवर दिसते." पुढचा. "हिचा फॉल लावायचा राहिला होता, रामटेकला तशीच नेसली. तुझी परीक्षा होती म्हणून तू नव्हता आला." मी एक्झिफटूल उघडलं, यावेळी कॉपीवर, डॅश ऑलडेट्स बरोबर, आणि बरोबरच्या पुढे ती सांगेल ते टाइप करून राहिलो. वेळ काय टाकू विचारलं तर फोटोकडे बघत म्हणे, "चार टाक. पंगत उशिरा बसली होती त्या दिवशी, वांग्याची भाजी करपली म्हणून."

१२० झाले आहेत. बाकीचे येत्या रविवारी.