तुम्ही विचारलंत म्हणून: एकही रेकॉर्डिंग कसं नाही?

"चाळीस वर्षं गाणं ऐकताय, आणि तुमच्याकडे एकाही मैफलीचं रेकॉर्डिंग नाही?" कोल्हापुरात देवल क्लबातून, म्हणजे इथल्या जुन्या संगीत संस्थेतून, बाहेर पडताना, चपला शोधताना कुणीतरी हे विचारतंच. 8 ऑगस्ट 2024 ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतर तर आठवडाभर फोन येत होते. "तिथल्या गाण्याचं काही असलं तर द्या की, आता तेवढंच उरलं." तिथलं माझ्याकडे खरंच काही नव्हतं. पण "माझ्याकडे काहीच नाही हो" असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं होतं. एक कॅसेट आहे.

मी रेकॉर्डिंगच्या विरोधात आहे असं पसरलंय, ते आधी खोडून काढतो. मी विरोधात असेनच कसा? गायिका केसरबाई केरकर 1977 मध्ये गेल्या तेव्हा मी शाळेत होतो. त्यांच्यासमोर बसणं नशिबात नव्हतं. माझ्या केसरबाई तबकडीवरच्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्याच वर्षी त्यांची भैरवी व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, तीही तेवढीच. किशोरीताई आमोणकरांची भूप-बागेश्रीची एलपी मी इतकी वाजवली की भूपाच्या बाजूला एका जागी सुई अडकायची. आजही कुणी भूप गायला लागलं की त्या जागेशी माझं मन थबकतं. माझा कान तबकड्यांनीच तयार केला. हे मी कधी नाकारलेलं नाही.

आणि रेकॉर्डिंग नसेल तर गाणं माणसाबरोबरच जातं, हा जो मुद्दा तुम्ही मांडता, तो मी तेविसाव्या वर्षी तुमच्यापेक्षा जोरात मांडत होतो. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी वीस वर्षांहून जास्त या गावात होते. स्वतःचा आवाज बिघडल्यावर त्यांनी ही जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी नव्याने घडवली असं सांगतात. ते 1946 मध्ये गेले, आणि एका तबकडीवर त्यांचा साधा षड्जसुद्धा नाही. ज्यांनी घराणं उभं केलं त्यांचा आवाज कसा होता, हे आपण शिष्यांच्या गळ्यातून ताडायचं. मला तेव्हा याचा संताप यायचा. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

1986 चा हिवाळा. मंगळवार पेठेतल्या एका वाड्याच्या सोप्यात बैठक होती. चाळीसेक माणसं, जाजमावर मांडीला मांडी लावून. गाणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, याच घराण्याच्या. त्यांचं नाव लिहीत नाही. यजमानांनी दारातच सांगितलं होतं, "टेप कुणी आणला असेल तर बाहेर ठेवा. बाईंची अट आहे." माझ्या कापडी पिशवीत मेहुण्यांचा टेप होता, टॉवेलात गुंडाळलेला. मी मान डोलावली आणि आत जाऊन तिसऱ्या ओळीत बसलो.

साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस. अठ्ठावीस मिनिटं झाली की एखाद्या मोठ्या दादेच्या आवाजात बटण दाबून बंद करायचं, असं ठरवलं होतं. बाईंनी 'संपूर्ण मालकंस' हा राग धरला. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मला विचाराल तर मनगटावरचं घड्याळ आठवतं. बाई आवर्तनं भरत होत्या आणि मी काटा बघत होतो.

मग पंचम आला. नेहमीच्या मालकंसात रिषभ आणि पंचम हे सूर नसतात, संपूर्ण मालकंसात दोन्ही येतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण बाईंनी तो पंचम असा लावला, की इतका वेळ अंधारात बसलेल्या घरात कुणी आतल्या खोलीचं दार उघडावं. मी घड्याळ विसरलो. त्या संध्याकाळी मी गाणं ऐकलं ते एवढंच, चार-पाच मिनिटं.

खट्ट!

टेप संपला आणि बटण आपोआप उडालं. बाई तानेतून समेकडे येत होत्या, दोन मात्रा उरल्या होत्या. त्या समेवर आल्या आणि थांबल्या. कुणाकडे पाहिलं नाही. तंबोऱ्यावरच्या मुलीला हळू काहीतरी म्हणाल्या, आणि भैरवी सुरू केली. बैठक सुरू होऊन पाऊण ताससुद्धा झाला नव्हता. भैरवीनंतर गाणं नाही, हे सोप्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

माझ्या शेजारी एक कॉलेजचा मुलगा होता, त्याच्याकडेही पिशवी होती. यजमानांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि चौकात नेलं. पिशवी उलटी केल्याचा आवाज आत ऐकू आला. वह्या पडल्या. मी जागचा हललो नाही. "माझं आहे" हे दोन शब्द होते, ते मी उच्चारले नाहीत. त्या भैरवीचे बोल मला आज आठवत नाहीत, सूरही आठवत नाहीत. वह्या पडल्याचं आठवतं.

म्हणून मी रेकॉर्डिंग करत नाही. मैफलीत मोबाईल वर धरलेला दिसला की माझा हात आपसूक मनगटावर जातो.

पण मग दुसऱ्यांनी चोरून केलेली रेकॉर्डिंग्ज मी ऐकत नाही का? ऐकतो. केसरबाई या बाबतीत किती कडक होत्या हे सगळ्यांना माहीत आहे, तरी त्यांच्या खासगी बैठकीचं काही हाती आलं की मी रात्र जागवतो. याला माझ्याकडे उत्तर नाही. तेविसाव्या वर्षीचा मी म्हणतो, बघ, मीच बरोबर होतो. त्याला मी वह्यांची आठवण देतो. तो गप्प बसतो, पण त्याला पटलेलं नसतं.

बाई जाऊन खूप वर्षं झाली. त्यांच्या एका शिष्येला कुठूनतरी कळलंय की त्या बैठकीचं काहीतरी कुणाकडे आहे. बाईंचा संपूर्ण मालकंस दुसरीकडे कुठेच नाही, म्हणाल्या. त्या शिकवतात, त्यांना तो पंचम मुलींना ऐकवायचा आहे. मागणी रास्त आहे. बाईंची अटही रास्त होती.

कॅसेटवर खट्टचा आवाज नाही. तो व्हायच्या आत टेप संपलेला आहे. तान मध्येच तुटते. पंचमापाशी अगदी जवळून एक पुरुषी "हां" ऐकू येतो, तो माझा. दर दसऱ्याला मी ती काढतो, पेन्सिल घालून पुढे-मागे फिरवतो आणि परत ठेवतो. यंदा पावसाळा लांबला. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, ती कापसाने पुसली. शिष्येचा फोन परवा येऊन गेला. मी अजून उलट केलेला नाही.